दादाच्या आधी पोचायचं कसं: वस्तीतल्या बचत गटांसाठी

पुण्यातल्या वस्तीत दादाला लोक मानतात ते फक्त भीतीपोटी नाही. रात्री एक वाजता ससूनला न्यायला गाडी, मयतीला रोख पैसे, पोराला चौकीवर बसवून ठेवलं तर एक फोन, हे सगळं तो कागद न मागता करतो. कोलंबियातल्या मेदेयीन शहरात पाब्लो एस्कोबार या कोकेनच्या बड्या तस्कराने कचरा डेपोवर राहणाऱ्यांना घरं बांधून दिली. १९९३ मध्ये तो मारला गेला, तेव्हा अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी झाली. तो कोण आहे हे लोकांना चांगलं ठाऊक होतं. तेव्हा दादा वाईट आहे हे वस्तीला समजावत बसू नका. त्याच्याकडची कामं एकेक करून आपल्याकडे घ्या.

आधी महिनाभर नोंद ठेवा: लोक त्याच्याकडे कशासाठी गेले, किती पैसे घेतले. नावं लिहू नका, वही त्याच्या हाती लागू शकते.

मग अडीनडीचा डबा. १५ बायकांनी महिन्याला २०० रुपये टाकले तर सहा महिन्यांत १८,००० जमतात. त्यातले १३,००० बँकेत ठेवा. उरलेले ५,००० रोख, दोन वेगळ्या गल्ल्यांतल्या दोघींकडे निम्मे-निम्मे. दोघींनी फोनवर हो म्हटलं की अर्ध्या तासात पैसे द्यायचे, सही सकाळी. बहुतेक गट इथेच फसतात. ‘मीटिंगमध्ये ठरवू’ म्हणेपर्यंत दादाचे पैसे घरात आलेले असतात, आणि घर पुढची कित्येक वर्षं त्याचं मिंधं होतं.

त्याचा हिशेब एकदा फळ्यावर मांडा. २०,००० वर महिना दहा टक्के म्हणजे वर्षाला २४,००० व्याज, मुद्दल तसंच. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्केच घेता येतात, म्हणजे ३,६००.

दवाखान्यासाठी प्रत्येक घराची एक फाइल आधीच तयार हवी: रेशनकार्ड, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत असतात, पण दाखला नसेल तर काउंटरवर अडवतात. महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचं कार्डही आजारपणाआधीच काढा.

पोलिसांचं काम सगळ्यांत अवघड. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. दादाइतका झटपट नाही मिळत, हे मान्य करूनच लोकांना सांगा.

गटाचा फ्लेक्स लावू नका. मंडळाची वर्गणी बंद करू नका, पावती मात्र मागा. दादाच्या घरची बाई गटात यायची म्हणाली तर घ्या, रोख तेवढी तिच्याकडे नको. आणि कुणाचं त्याच्याकडचं जुनं कर्ज डब्यातून फेडू नका. एका घरात डबा रिकामा होतो आणि पैसा शेवटी त्याच्याच खिशात जातो.