रीफ टँकला कंट्रोलर जोडताय? आधी या चुका टाळा

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची कोरलची टाकी, लावायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला कंट्रोलरबद्दल (सेन्सरचे आकडे बघून हीटर, पंप, दिवे चालू-बंद करणाऱ्या यंत्राबद्दल) विचारतो. कोणता घेऊ? किती प्रोबचा (पाण्यात सोडायच्या सेन्सरचा)? फोनवर सगळं दिसेल ना? मी उलट विचारतो, "तुझ्या टाकीतलं पाणी दिवसाला किती उडतं?" आजवर एकाच मुलाने आकडा सांगितला: दीड लिटर. त्याच्याकडे कंट्रोलर नव्हता. उडालेलं पाणी आपोआप भरणारा एटीओसुद्धा नव्हता, तो रोज सकाळी मापाने पाणी ओतायचा.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. पहिलं वर्षभर मोठा कंट्रोलर लागत नाही. हीटरची वीज बाहेरून तोडणारा साधा तापमान कंट्रोलर लागतो, एटीओ लागतो, दिव्यांना टायमर लागतो आणि एक वही लागते. नेप्च्यून अपेक्स, जीएचएल प्रोफिलक्स ही यंत्रं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः गेली काही वर्षं कंट्रोलर वापरतोय. पण टाकीत अजून शेवाळाचा पहिला थरही धरला नाही आणि भिंतीवर आठ सॉकेटची पट्टी, चार प्रोब आणि एक स्क्रीन लटकतेय, असं दिसलं की पुढे काय होणार ते मला पाठ असतं.

हीटरचा थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवून ठेवणं

ही सगळ्यात महाग चूक, आणि ती मी केलेली आहे.

हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. कंट्रोलर आला की लोक तो ३२-३४ अंशांवर नेऊन ठेवतात. आता कंट्रोलर ठरवणार, मग दोघांची मधे भांडणं कशाला? मीही तसंच केलं होतं. टाकी २०० लिटरची, हीटर ३०० वॅटचा, प्रोग्राम दोन ओळींचा. पाणी २५.३ च्या खाली गेलं की हीटर चालू, २५.७ च्या वर गेलं की बंद.

एका रविवारी पाणी बदललं. संपमधली (टाकीखालच्या, गाळण्या आणि पंप ठेवायच्या छोट्या टाकीतली) गाळणीची पिशवी काढताना तापमानाचा प्रोब मधे येत होता, म्हणून वायर उचलून संपच्या काठावरून बाहेर सोडली. पिशवी बदलली, रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत ढकलणारा) सुरू केला, हात पुसले आणि जेवायला गेलो. प्रोब बाहेरच लटकत राहिला. खोलीत एसी चालू, हवा २२ अंशांची. कंट्रोलरने ती पाण्याचं तापमान म्हणून वाचली, हीटर लावला आणि लावूनच ठेवला. सांगितलं तेच केलं बिचाऱ्याने.

हिशोब मी नंतर केला. २०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला ३०० वॅटच्या हीटरला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. हवेत निघून जाणारी उष्णता वजा केली तरी एका रात्रीत पाच-सहा अंश सहज. सकाळी काचेला हात लागला तेव्हाच पोटात गोळा आला. काचेच्या थर्मामीटरवर ३१.५. दोन ॲक्रोपोरा कोरलांचं मांस सालीसारखं सुटून पाण्यात तरंगत होतं. स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप भरून वाहत होता. क्लाउनफिश पृष्ठभागापाशी धापा टाकत होते, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. स्क्रीनवर मात्र अजून २२.१.

आणि फोन? फोनवर रात्रभरात 'तापमान कमी' असे अकरा इशारे येऊन पडले होते. पीएचच्या फुटकळ इशाऱ्यांना कंटाळून मी महिनाभरापूर्वीच त्यांचा आवाज बंद केला होता. खरं सांगायचं तर इशारा वाचला असता तरी मी पाणी गार पडलंय असं समजून दुसरा हीटरच टाकला असता.

तेव्हापासून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २६.५ वर आणि कंट्रोलर २५.५ च्या आसपास. कंट्रोलरला काहीही वाटलं तरी पाणी २६.५ च्या फार पुढे जात नाही. ३०० वॅटचा एक हीटर काढून १५० चे दोन लावले. थर्मोस्टॅटचा संपर्क चालू स्थितीत चिकटणं ही हीटरची नेहमीची खोड आहे, आणि दोघांतला एक चिकटला तर अनर्थ निम्म्या वेगाने होतो, हातात वेळ राहतो. प्रोबची वायर संपच्या भिंतीला क्लिपने पक्की केली. रबरी कपांवर माझा काडीचा विश्वास नाही, ते कडक होतात आणि नको तेव्हा सुटतात. इशारे दोनच ठेवलेत, पाणी २४ च्या खाली किंवा २७.५ च्या वर. बाकी सगळे बंद. आणि काचेचा थर्मामीटर टाकीत आहे तो आहेच. पाहुणे म्हणतात, तो दिसायला बरा दिसत नाही. नसू दे.

याच जातीची आणखी एक गोष्ट. कंट्रोलरचा मुख्य भाग आणि सॉकेटची पट्टी यांचा संपर्क तुटला तर प्रत्येक सॉकेटने काय करायचं, हे आधी ठरवून ठेवता येतं. नवख्यांनी तो रकाना उघडलेलाही नसतो. माझ्याकडे रिटर्न पंप चालू राहतो, हीटरही (थर्मोस्टॅट २६.५ वर आहे म्हणूनच), डोसिंग पंप (द्रावणं मोजून टाकणारा) आणि एटीओ बंद होतात.

पीएचच्या रेषेमागे धावणं

कंट्रोलर घेतला की सोबत बहुधा पीएचचा प्रोब येतो. लोक पीएच बघत बसतात त्याला एवढंच कारण आहे. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. दिवे लागले की चढतो. सकाळी ७.९, संध्याकाळी ८.२, हा टाकीचा दिनक्रम झाला. पण आलेख समोर आला की माणसाला तो सरळ करावासा वाटतो.

एका ओळखीच्या मुलाने तो केला. "दादा, रेषा बघा, हलत नाही." त्याने सांगून ठेवलं होतं की पीएच ८.२ च्या खाली गेला की बफरचा डोसिंग पंप चालवायचा. आता बफर म्हणजे शेवटी कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. त्याने पीएच थोडा वेळ वर येतो. पण खोलीच बंद असेल आणि हवेत कार्बन डायऑक्साइड तुंबलेला असेल तर तो पुन्हा पाण्यात उतरतो, पीएच परत घसरतो आणि पंप परत चालतो. दर फेरीला अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) मात्र वाढत जाते. ती या कंट्रोलरच्या स्क्रीनवर दिसत नव्हती, आणि ती मोजायचं किट उघडून तीन आठवडे झाले होते.

मी किट मागवलं. अल्कलिनिटी १४.६ डीकेएच (हे तिचं एकक). समुद्रात ती सातच्या आसपास असते, मी टाकीत आठ ते नऊ ठेवतो. कॅल्शियम ४२० पीपीएमच्या जागी ३४०. उरलेलं कुठे गेलं ते हीटरवर दिसतच होतं: पांढरा, खरखरीत थर. रिटर्न पंपही त्याच थराने कुरकुरत होता. मोंटीपोरा कोरलाच्या कडा जळाल्यासारख्या पांढऱ्या.

मुलाला मी एक कप टाकीचं पाणी गॅलरीत नेऊन त्यात तासभर हवेचा दगड (एअर पंपाला जोडून बुडबुडे सोडणारा) सोडायला सांगितलं. पीएच ७.९ वरून ८.२ वर गेला, थेंबभर बफर न घालता. म्हणजे दोष खोलीतल्या हवेत होता. खिडकी उघडली आणि स्किमरची हवेची नळी बाहेर नेली, बास. वाढलेली अल्कलिनिटी आम्ही पाणी बदलत हळूहळू खाली आणली. ॲसिड टाकून झटपट आणायचा सल्ला त्याला दोघांनी दिला होता. ते दोघं आता हा छंद करत नाहीत.

पहिल्या वर्षी टाकी मरते ती अमोनियाने, खारेपणाच्या चुकीने किंवा अल्कलिनिटीच्या उड्यांनी. साध्या कंट्रोलरवर यातलं सहसा एकही दिसत नाही, दिसतात तापमान आणि पीएच. खारेपणाचा प्रोब वेगळा घ्यावा लागतो, अल्कलिनिटी मोजणारं यंत्र तर आणखी वेगळं. अमोनिया पचवणारे जीवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते कोणाच्याही ॲपचं ऐकत नाहीत.

एटीओच्या पिंपाचा आकार

पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भरायचं ते गोडं, आरओचं पाणी. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. मग "महिनाभर बघायला नको" म्हणून ८० लिटरचं पिंप जोडतात. फ्लोट स्विचवर (पाण्याच्या पातळीनुसार पंप थांबवणाऱ्या तरंगत्या स्विचवर) गोगलगाय चढते किंवा मिठाचा थर बसतो, पंप थांबत नाही. २०० लिटरच्या टाकीत ३५ पीपीटीच्या (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या) पाण्यावर ८० लिटर गोडं पाणी पडलं तर खारेपणा २५ वर येतो. पिंप २० लिटरचं असतं तर ३२ च्या जवळ थांबला असता, आणि त्यातून बहुतेक प्राणी वाचतात. माझं पिंप आठवडाभर पुरेल एवढंच आहे. रविवारी ते भरताना फ्लोट बोटाने वर-खाली करून बघतो.

नळीचं टोक पाण्यात बुडवू नका, आणि पिंपातल्या पाण्याच्या पातळीच्या वरच ठेवा. टोक त्या पातळीच्या खाली असेल तर पंप बंद झाल्यावरही पाणी सायफनने वाहतच राहतं, आणि तिथे कुठल्याही प्रोग्रामचा इलाज चालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पीएचचा प्रोब कॅलिब्रेट न करता वर्षभर वापरणं: ७ आणि १० चं द्रावण दर दोन महिन्यांनी, आणि दीड-दोन वर्षांनी प्रोब बदलायचा. तो कोरडा पडू द्यायचा नाही.

रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) फक्त गोड्या पाण्यावर शून्याला लावणं: ३५ पीपीटीचं तयार द्रावण घ्या.

ओआरपीचा (पाण्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता मोजणारा) प्रोब: नवख्याने घेऊ नये. त्या आकड्याचं पुढे काय करायचं, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

दोन मऊ कोरल असताना डोसिंग पंप लावणं: आठवड्याला पाणी बदललं तरी त्यांना पुरतं. आधी रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजून आठवडाभर लिहा. रोज अर्धा डीकेएच उतरत असेल तेव्हा पंपाचं बघू. तोवर १०० लिटरला साधारण तीन ग्रॅम खाण्याच्या सोड्याने एक डीकेएच वाढते एवढं लक्षात ठेवा आणि चमच्याने घाला. एका दिवसात एकाहून जास्त वाढवू नका.

रिटर्न पंप हाताने बंद करून खाऊ घालणं आणि चालू करायला विसरणं: इथे मात्र कंट्रोलर जिंकतो. ठरलेल्या मिनिटांनी पंप आपोआप सुरू करणारं ते बटण मी दिवसातून दोनदा दाबतो.

वायरी सॉकेटकडे सरळ खाली उतरवणं: वायरीला आधी खाली झोळ द्या, मग वर सॉकेटमध्ये न्या, म्हणजे ओघळ झोळातून खाली ठिबकतो.

मग घ्यायचा कधी?

पाणी किती उडतं, अल्कलिनिटी रोज किती उतरते, हीटर रात्री किती वेळ चालतो, हे वहीत सलग तीन-चार महिने असेल तेव्हा. आणि चार दिवस घराबाहेर राहायची वेळ येत असेल तर आधी गळतीचा सेन्सर घ्या. स्टँडखाली ओल लागली की एटीओ आणि रिटर्न पंप बंद करणारा. प्रोब मागाहून.

दीड लिटरवाल्या त्या मुलाने गेल्या वर्षी कंट्रोलर घेतला. टाकीला तोवर दोन वर्षं झाली होती. पहिला प्रोग्राम त्याने एटीओचा लिहिला. पंप मिनिटाला अर्धा लिटर पाणी टाकतो, म्हणून फ्लोट काहीही म्हणो, दिवसाला चार मिनिटांच्या वर चालू द्यायचा नाही.