मोसंबीच्या सालीचा पाक आणि नाशिकच्या वाइनचं कॉकटेल

घरचं कॉकटेल फिकं लागतं त्याला जिन क्वचितच जबाबदार असते, बिघडलेला असतो तो पाक. तयार सिरपला फळाचा ताजा वास नसतो. तो वास सालीतल्या तेलात असतो आणि तेल काढायला एक रात्र द्यावी लागते.

मोसंबीच घ्या. तिची साल घट्ट असते. नागपुरी संत्र्याची साल ढिली असल्याने सोलाण्याखाली फाटते, आणि कागदी लिंबाची फारच पातळ. लिंबाचा फक्त रस वापरा. फळं कोमट पाण्यात चोळून धुवा, वर मेण असू शकतं.

आता सोलणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. फक्त वरचा रंगीत पापुद्रा निघाला पाहिजे. आतला पांढरा भाग कडू असतो आणि तो कडवटपणा साखरेने झाकला जात नाही. सोलाणं हलक्या हाताने, लांब पट्टीत ओढा. पट्टी उलटी करून बघा. पांढरं जाड दिसलं तर सुरीने खरवडून टाका. कंटाळा आला तरी हे टाळू नका.

सालीच्या वजनाइतकी साखर घाला, बत्त्याने दाबा आणि झाकून ठेवा. साखर तेल ओढून घेते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत हे काम मंद चालतं, तेव्हा दुपारपर्यंत थांबा. साली साखरेच्या पाण्यात उकळायचा सल्ला जिकडेतिकडे मिळतो, तो अजिबात ऐकू नका. उकळलं की सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडवटपणा पाकात उतरतो.

सकाळी तळाशी तेलकट पाक दिसेल. जितकी साखर घातली होती तितकाच मोसंबीचा रस ओता, साखर विरघळेपर्यंत ढवळा, गाळा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो.

एका ग्लाससाठी जिन ४५ मिली, लिंबाचा रस १५, पाक २०. भरपूर बर्फात जोरात हलवून गाळा. वर नाशिकची थंडगार शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन, ६० मिली. सोडा नको, वाइनचा आंबटपणाच हवा.

सजावटीला सुकवलेल्या चकत्या लावू नका, त्यांचा ताजा वास केव्हाच उडालेला असतो. मोसंबीची ताजी पट्टी घ्या, रंगीत बाजू ग्लासकडे करून चिमटीत दुमडा. तेलाचा बारीक फवारा पेयावर पडेल. मग तीच पट्टी काठावरून फिरवून आत सोडा.