बादलीतली भाजी का मरते? हायड्रोपोनिक्समधल्या या चुका टाळा

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, खताच्या पाण्यात रोपं वाढवणं. सांगलीत विश्रामबागला आमच्या गच्चीवर मी झाकणाच्या २० लिटरच्या बादल्यांत पालक, लेट्युस आणि पुदिना लावते. बादलीत खताचं पाणी, झाकणाला भोक, भोकात जाळीची छोटी कुंडी, तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि रोप. मोटर नाही, पाइप नाही. इतकी साधी पद्धत असूनही बरेच जण महिनाभरात बादल्या धुऊन पालथ्या घालतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. पानं पिवळी पडली की सगळे पानांकडेच बघत बसतात. आधी झाकण उचलून मुळं बघा.

बादली काठोकाठ भरणं

सगळ्यात जास्त रोपं या एका चुकीनं मरतात. पहिल्या हिवाळ्यात आमचा लेट्युस छान भरला होता. पाणी निम्म्यावर आलेलं बघून सासूबाईंनी मायेनं बादली वरपर्यंत भरली. “तहानलंय गं रोप,” म्हणाल्या. चार-पाच दिवसांत पानं मलूल पडली. भरल्या पाण्यात रोप सुकत होतं. कुंडी उचलली तर गटारासारखा वास आला. एक तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं, तशी वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. ही मूळकुज.

पाणी हळूहळू खाली जातं तशी वरच्या मोकळ्या जागेत पांढरी, लवदार मुळं फुटतात. ती हवेतून प्राणवायू घेतात. त्यांना बुडवलं की रोप गुदमरतं. म्हणून रोप लावताना पाणी कुंडीच्या तळाला जेमतेम टेकेल एवढंच ठेवा. पुढे भर घालायची झाली तर निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. हवेचा पंप लावला असेल तर पाणी वर चालतं, पण वीज जास्त वेळ गेली की तिथंही हाच धोका.

द्राक्षबागेचं खत तसंच वापरणं

आपल्याकडे, तासगाव-मिरज भागात तर विशेषच, घरात १९:१९:१९ चा, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या विद्राव्य खताचा पुडा असतोच. “हेच टाकू की,” असं वाटणं साहजिक आहे. पण त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया मोडून मुळांना घेता येईल असा नत्र तयार करतात, बादलीत तेवढे जिवाणू नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. कॅल्शियम कमी पडलं की लेट्युसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. हायड्रोपोनिक्ससाठी ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन भागांत मिळणारं खतच घ्या.

आणि ते दोन भाग घट्ट असताना एकत्र ओतू नका. एकातलं कॅल्शियम आणि दुसऱ्यातलं सल्फेट, फॉस्फेट यांचा पांढरा साका होऊन तळाशी बसतो. तो मुळांच्या कामाचा नाही. आधी पूर्ण पाणी घ्या, ‘ए’ टाकून ढवळा, मग ‘बी’.

बोअरचं पाणी न मोजता घेणं

आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर ९०० च्या पुढे दाखवतो. पालेभाजीला खत घातल्यावर साधारण ६०० ते ९०० पुरतं. म्हणजे खताचा थेंब पडायच्या आधीच पाणी क्षारांनी भरलेलं. त्यात खत घातलं की पानांच्या कडा जळतात. नळाचं कृष्णेचं पाणी किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, नाहीतर बोअरच्या पाण्यात आरओचं शुद्ध पाणी मिसळा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नको. मशीननं काढून टाकलेले क्षार त्यातच असतात.

जड पाण्याचा दुसरा त्रास म्हणजे सामू (पीएच, पाण्याच्या आंबटपणाचं माप; आकडा वाढला की आंबटपणा कमी) चढत राहतो. तो ५.५ ते ६.५ मध्ये हवा. वर गेला की पाण्यात लोह असूनही रोपाला मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. तेव्हा लोक आणखी खत घालतात, आणि तिथंच बिघडतं. आधी सामू मोजा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर कारण वेगळं, बहुतेक नत्र किंवा मॅग्नेशियमची कमतरता. सामू उतरवायला लिंबू पिळलं तर तो दोन-चार दिवसांत परत चढतो. विरळ फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानं घाला, हातमोजे घालून, आणि नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही.

उजेड आणि ऊन

पांढऱ्या, पारदर्शक बादलीत उजेड शिरतो आणि आठवड्यात हिरवं शेवाळ धरतं. बाहेरून काळा रंग द्या, त्यावर पांढरा. नुसता काळा ठेवला तर बादली तापते. २० अंशाला लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. मूळकुज याच गरम पाण्यात फोफावते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये गच्चीवर लेट्युसचा हट्ट मी सोडला आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरपूर लावा. उन्हाळ्यात पुदिना ठेवा, सकाळचंच ऊन येईल अशा जागी, बादलीला ओलं गोणपाट गुंडाळून.

कोकोपीटही दोन-तीन पाण्यांत धुऊनच भरा, त्यात मीठ असतं.

शेवटचं, पण घरात लहान मुलं असतील तर पहिलं: झाकणाच्या भोकात आणि कुंडीत फट राहू देऊ नका. डेंगीचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. फट असेल तिथं कापडाची पट्टी दाबून बसवा आणि दर रविवारी झाकण उचलून, मुळं बघता बघता, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या आहेत का तेही बघा. दिसल्या तर पाणी मातीतल्या इतर झाडांच्या कुंड्यांत ओता, बादली आतून घासा आणि नवं खतपाणी जुन्या पातळीपर्यंतच भरा.