मुंबईत ऑफिस भाड्याने घेताय? या चुका टाळा

“मॅडम, अंधेरीत रेट काय चाललाय?”

दिवसातले निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. माणसं किती बसणार, लोकलने येणार की गाड्या लावायच्या, ताबा कधी हवा, काही नाही. आधी रेट. मी अंधेरी पूर्वेला ऑफिसांची दलाली करते, वीस वर्षं होऊन गेली. कार्डावर ‘अ‍ॅडव्हायझर’ छापलंय, पण आई अजून शेजारणींना “ती जागा दाखवते” असंच सांगते आणि तेच बरोबर आहे. एवढ्या वर्षांत बाजार नरिमन पॉइंटवरून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेला, परळच्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, चुका मात्र त्याच राहिल्या. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

रेटवरून जागा ठरवणं

मुंबईत ऑफिसचं भाडं सहसा चार्जेबल एरियावर सांगतात. म्हणजे तुमच्या दाराच्या आतली जागा, आणि वर लॉबी, जिने, लिफ्ट, पॅसेज यांतला तुमच्या वाट्याचा हिस्सा. या वरच्या भागाला लोडिंग म्हणायचं. साठ-सत्तर टक्के लोडिंग ऐकून या बाजारात कोणी दचकत नाही. त्यामुळे नुसता रेट ऐकून काहीच कळत नाही.

एक हिशेब करून बघा. पहिली जागा चार्जेबल २,००० फूट, रेट ११० रुपये, भाडं २ लाख २० हजार. दुसरी जागा चार्जेबल १,७०० फूट, रेट १३० रुपये, भाडं २ लाख २१ हजार. गिऱ्हाईक पहिल्या जागेवर उडी मारतं, कारण ‘वीस रुपये स्वस्त’. आता कार्पेट, म्हणजे दाराच्या आतली प्रत्यक्ष जागा, विचारा. पहिलीचं १,२००, दुसरीचं १,२५०. कार्पेटवर पहिली १८३ रुपयांना पडते, दुसरी १७७ ला. स्वस्त कुठली झाली?

पहिली जागा मी मनाने रचलेली नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीच ती दिली होती. तीन मुलांची सॉफ्टवेअर कंपनी, चोवीस माणसं बसवायची होती. माणशी ५० फूट धरले तर १,२०० फुटांत चोवीस बरोबर बसतात, म्हणून आम्ही सगळे खूश. कार्पेट १,२०० असल्याचं मालकाच्या माणसाने सांगितलं आणि तोच आकडा मी पुढे सरकवला. दोन लाख टोकन गेलं. चौथ्या दिवशी त्यांच्या इंटिरियरवाल्याचा फोन आला, “मॅडम, तीन टेबलं बसत नाहीत.” मी म्हटलं, तुमचं ड्रॉइंग चुकलं असेल. तो म्हणाला, या, दोघं मिळून मोजू.

गेले. टेपचं एक टोक त्याने धरलं, एक मी, आणि खोली खोली करत जमिनीवर बसून मोजत गेलो. निघाले १,०८५. दाराबाहेरचा लॉबीचा तुकडा मालकाने आत धरला होता, एसीच्या यंत्राची खोली (एएचयू रूम) धरली होती, आणि मधोमध उभे असलेले दोन जाडजूड खांबही. ११५ फूट हवेत गेले, खरा रेट २०३ रुपये झाला. मालक म्हणाला, जागा दाखवली होती, डोळ्यांनी बघून टोकन दिलंत. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मुलांनी कॉन्फरन्स रूम रद्द करून तिथे टेबलं लावली आणि मी अर्धी दलाली, एक लाख दहा हजार, परत केली. आमच्याच इमारतीत बसणारे एक जुने गुजराती ब्रोकर चहा पिताना म्हणाले, “बेन, टेप पाचशेला मिळते. तुम्ही एक लाख दहा हजारची घेतली.”

तेव्हापासून पर्समध्ये लेझर मीटर असतो, आणि तळाशी साधी स्टीलची टेपही, कारण लेझरची बॅटरी नेमकी मालकासमोर जाते. मी भिंत ते भिंत मोजते, खांब वजा करते आणि आकडा तिथेच कागदावर लिहून मालकाच्या माणसाला दाखवते. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने, २०१६ साली कार्पेटची व्याख्या करून ठेवलीय (आतली पार्टिशनं धरायची, बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी धरायची नाही), पण ती विक्रीच्या व्यवहारासाठी. भाड्याच्या बाजारात दर मालकाचं कार्पेट वेगळं असतं. तेव्हा रेट सोडा, महिन्याला माणशी किती पडतंय ते काढा. त्यात भाडं आलं, सीएएम म्हणजे इमारतीचा देखभाल खर्च आला (तोही चार्जेबलवरच लागतो), वीज आली. जीएसटी १८ टक्के. कंपन्यांना त्याचं क्रेडिट, म्हणजे त्यांनी भरायच्या करातून वजावट, मिळतं म्हणून त्या दुर्लक्ष करतात. पण क्लिनिकसाठी जागा बघणाऱ्या डॉक्टरांनी मालक जीएसटी लावतो का ते आधी विचारावं, कारण उपचारांवर कर नाही म्हणून त्यांना क्रेडिटही नाही. ते १८ टक्के सरळ खिशातून जातात.

दहा ब्रोकरांना कामाला लावणं

ही माझी दुसरी दुखरी नस. लोकांना वाटतं, जितके ब्रोकर तितके पर्याय. घर शोधताना चालत असेल. ऑफिसच्या बाजारात एखाद्या पट्ट्यात पाच हजार फुटांच्या धड जागा किती असतात? मोजून सात-आठ. त्या सगळ्यांना माहीत असतात. दहा ब्रोकर त्याच आठ जागा दाखवणार.

लोअर परळला एका कंपनीला पाच हजार फूट हवे होते. अ‍ॅडमिनच्या साहेबांनी मला सांगितलं, आणखी सहा जणांना सांगितलं, आणि प्रत्येकाला “तुम्हालाच सांगतोय हं” असंही सांगितलं. एक जागा मनासारखी होती, मालक १६५ मागत होता, १५५ ला तुटली असती असा माझा अंदाज. आठवड्याने मालकाच्या मॅनेजरला फोन केला तर तो रंगात आलेला. “मॅडम, पाच हजारची डिमांड एकदम वाढलीय. या आठवड्यात पाच एन्क्वायरी. सगळे आयटीवाले, सगळ्यांना पुढच्या महिन्यात पझेशन पाहिजे. शेठनी १८० केलेत.”

मी म्हटलं, “भाऊ, पाची एन्क्वायऱ्या एकाच पार्टीच्या आहेत.” तो हसला. त्याला पटलं, पण भाव खाली येईना. एकदा शेठच्या तोंडून १८० निघाले की १६५ म्हणजे त्याला नुकसान वाटायला लागतं. त्यावर दुसरी गंमत, जागा आधी कोणी दाखवली यावरून आम्हा तीन ब्रोकरांत जुंपली. मालकाने सांगितलं, आधी तुमचं मिटवा, मग टेबलावर या. आमचं मिटेपर्यंत जागा एका बँकेने घेतली. साहेब मलाच विचारत होते, “असं कसं झालं?”

एक ब्रोकर नेमा. फार तर दोन, आणि पट्टे वाटून द्या, एकाला बीकेसी-कुर्ला, दुसऱ्याला परळ-वरळी. दीड-दोन महिन्यांचं लेखी मँडेट, म्हणजे नेमणुकीचं पत्र, द्या आणि काम नाही केलं तर बदला. जागा दाखवून झाली की मी त्याच संध्याकाळी मेल टाकते, कुठली जागा, किती वाजता, बरोबर कोण होतं. पुढची भांडणं तिथेच मिटतात. आणि जागा बघून मागच्या दाराने मालकाला गाठून दलाली वाचवणाऱ्यांना एवढंच सांगते, मालक तो पहिला फोन ठेवल्यावर दुसरा आम्हालाच करतो.

‘अकरा महिन्यांचं करू, रजिस्ट्रेशन नको’

हे वाक्य शिकलेली माणसं बोलतात तेव्हा मला घाम फुटतो. अकरा महिन्यांची पळवाट नोंदणी कायद्यातल्या वर्षाच्या मर्यादेतून आलेली आणि बाहेरच्या राज्यांतल्या लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेली. महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणीकृत हवं. जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसली तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलटं सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि वाचवताय किती? भाडं दोन लाख, पाच वर्षांचा करार, तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, डिपॉझिट बारा लाख. पाच वर्षांचं एकूण भाडं १ कोटी २७ लाख २० हजार, त्यात मिळवा डिपॉझिटवरचं दरसाल १० टक्के धरलेलं व्याज, ६ लाख. या सगळ्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे ३३,३०० रुपये, वर १,००० नोंदणी फी. सव्वा कोटीच्या व्यवहारात एवढ्यासाठी शॉर्टकट शोधणाऱ्या मालकाकडे माझं बारा लाखांचं डिपॉझिट मी ठेवणार नाही. करार साठ महिन्यांचेच का दिसतात, तेही यातच आहे. साठच्या वर गेलात की हा पाव टक्का संपतो आणि लीजची ड्युटी लागते.

लॉक-इन न वाचता सही

लॉक-इन म्हणजे जागा सोडता न येणारी मुदत. तीन वर्षं लॉक-इन असेल आणि आठव्या महिन्यात निघालात, तर मालक उरलेल्या अठ्ठावीस महिन्यांचं भाडं मागू शकतो. स्टार्टअपवाल्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, “आम्ही तर वाढणार आहोत.” वाढलात तरी जागा सोडावीच लागेल ना! मी लॉक-इन कमी करून घेण्यासाठी रेटमध्ये दोन-तीन रुपये जास्त द्यायला सांगते. पहिलाच ताळेबंद लाल आलेल्यांपैकी एकही मला नंतर ‘रेट जास्त पडला’ म्हणालेला नाही. आणि लॉक-इन ताबा मिळाल्यापासून मोजायचं की फिटआउटचे (आतलं फर्निचर-वायरिंग करून घ्यायचे) बिनभाड्याचे दिवस संपल्यापासून, हे कागदावर येऊ द्या. तोंडी सगळे ‘ताब्यापासून’ म्हणतात.

बाकीच्या, भराभर

ओसी, म्हणजे इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला, बघितल्याशिवाय टोकन नाही. पार्ट ओसी असेल तर आपला मजला त्यात आहे का बघा.

जागेचा मंजूर वापर काय? कागदावर इंडस्ट्रियल गाळा आणि आत ऑफिस, असं अंधेरी-परळभर आहे. मरोळच्या एमआयडीसीत पोटभाड्याने घ्यायची तर एमआयडीसीची परवानगी हवी. हॉटेल-कॅफेवाल्यांनी तर फायर एनओसी डोळ्यांनी वाचावी. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलला चौदा माणसं गेली, त्यानंतरही “वो हो जायेगा” म्हणणारे मला भेटतात.

विजेचा मंजूर लोड विचारा. एसी, सर्व्हर आणि कॉफी मशीन एकदम लागल्यावर कळून उपयोग नाही. सेंट्रल एसी असेल तर सात वाजल्यानंतरचा आणि शनिवारचा तासाचा दर विचारा. रात्रपाळी असेल तर हाच आकडा भाड्याला भारी पडतो.

जागा दुपारी तीनला बघू नका. सकाळी साडेनऊला या, कुर्ला किंवा वांद्र्याहून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून बीकेसीला या, लिफ्टसमोर किती मिनिटं जातात ते मोजा. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावायला लागली, तेव्हा स्टेशनपासूनचं अंतरही चालून बघा, ब्रोकरच्या ‘वॉकेबल’वर जाऊ नका. माझ्याही.

शेजारच्या जागेचं भाडं किती ते मला विचारण्याऐवजी नोंदणी खात्यातून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा गोषवारा, काढा. त्यात आकडा छापलेला असतो. मी खोटं बोलीन असं नाही, पण माझी दलाली भाड्यावर ठरते हे विसरू नका.

नव्या ब्रोकरांसाठी थोडं

रोज सकाळी दोनशे ‘अव्हेलेबिलिटी’ फॉरवर्ड करणं म्हणजे धंदा नव्हे. परवा एका मुलाने मला एक जागा पाठवली, फोटोंत माझ्याच हातातली निळी फाईल दिसत होती. फोटो मी काढलेले, चार ब्रोकर फिरून माझ्याकडेच परत आलेले. जागा मार्चमध्ये गेलेली. त्याला फोन करून विचारलं, “अरे, डायरेक्ट आहे का मालकाकडे?” म्हणाला, “हो मॅडम, एकदम डायरेक्ट.”

म्हटलं, “मग चावी घेऊन ये, मी खाली उभी आहे.” फोन कट. दहा मिनिटांनी मेसेज आला, “मॅडम, तुमच्याकडे चावी असेल का?”