नदीपात्रातली उन्हाळी इंटर्नशिप: पुढच्या वर्षी उपयोगी पडतील अशी मोजमापं

नदीच्या अधिवासाचं पुनरुज्जीवन म्हटलं की लाकडाचे ओंडके रचणं, काठावर झाडं लावणं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. उन्हाळ्यात इंटर्नच्या वाट्याला येतं ते मुख्यतः मोजणं आणि जगवणं. ओंडके रचल्यामुळे डोह खोल झाला का, गोट्यांमधला गाळ कमी झाला का, हे दोन-तीन वर्षांनी कळतं, तेही पहिल्या वर्षीची मोजमापं धड असतील तरच. म्हणून प्रत्येक नोंद अशी करा, की जागेवर कधीच न आलेल्या माणसाला ती तशीच पुन्हा घेता यावी.

सुरुवात डाव्या-उजव्यापासून. प्रवाह ज्या दिशेने जातो तिकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा काठ. तुम्ही कुठेही उभे असा, हे बदलत नाही. आडव्या छेदासाठी, म्हणजे काठापासून काठापर्यंत पात्राचा आकार मोजण्यासाठी, दोन्ही काठांवर, पुराची धार पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, लोखंडी सळईच्या खुंट्या ठोका आणि फितीचं शून्य डाव्या खुंटीवर धरा. फीत ताणून बांधा. मध्ये झोळ पडला तर रुंदी खऱ्यापेक्षा जास्त भरते.

ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीसारखं उपकरण) पक्क्या जमिनीवर लावा आणि पहिलं वाचन बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठरलेल्या न हलणाऱ्या बिंदूवर, घ्या. बेंचमार्कची उंची अधिक ते वाचन म्हणजे उपकरणाची उंची. पुढच्या प्रत्येक बिंदूचं वाचन त्यातून वजा केलं की त्या बिंदूची उंची मिळते. बिंदू ठरावीक अंतराने घेत सुटू नका. उतार जिथे बदलतो तिथे घ्या: काठाचा माथा, काठाचा पायथा, दोन्हीकडची पाण्याची कड, पात्रातला सर्वांत खोल बिंदू, मधले उंचवटे. लहान ओढ्यालाही वीसेक बिंदू सहज लागतात. स्टाफ, म्हणजे बिंदूवर उभी धरायची आकड्यांची पट्टी, धरणाऱ्याने तो हळूहळू पुढे-मागे झुलवावा, म्हणजे दिसलेलं सर्वांत कमी वाचन हेच स्टाफ सरळ असतानाचं. मऊ गाळात स्टाफ रुतवू नका, नुसता टेकवा. शेवटी बेंचमार्कवर परत या. फरक ५-६ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर लेव्हल हलली आहे किंवा एखादा आकडा चुकीचा लिहिला गेला आहे. हा हिशेब सामान आवरण्याआधी तिथेच करा. घरी गेल्यावर चूक सापडली तरी दुरुस्त करता येत नाही.

तळाचे गोटे मोजणं दिसायला सोपं आहे, आणि सर्वांत जास्त गफलत तिथेच होते. खळाळाच्या जागी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत टाचेला अंगठा लावत चाला. प्रत्येक पावलाला नजर वर ठेवून बोट बुटाच्या टोकापाशी खाली न्या आणि पहिला लागेल तोच दगड उचला. असे किमान १०० दगड हवेत. खाली बघितलं की हात आपोआप हातात मावेल अशा गुळगुळीत गोट्याकडे जातो. बारीक खडी आणि वाळू नोंदीतून गळते आणि तळ प्रत्यक्षापेक्षा भरड भासतो. दगडाची सर्वांत लांब बाजूही मोजायची नाही आणि सर्वांत पातळही नाही, मोजायची मधली. रुतून बसलेला दगड उपटू नका. दिसणाऱ्या दोन बाजूंपैकी आखूड बाजू लिहा. बोटाला वाळू लागली तर ‘२ मिमीपेक्षा कमी’ अशी नोंद करा, ती मोजणी सोडून देऊ नका. माशांची अंडी गोट्यांमधल्या फटींत वाढतात आणि बारीक गाळाने त्या फटी बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. गाळाचं प्रमाण वाढलं की घटलं, हे कळण्यासाठीच ही मोजणी असते. वाळू गाळून टाकलेली मोजणी ते दाखवूच शकत नाही.

प्रवाह मोजायला सरळ, एकसारख्या तळाचा आणि भोवरे नसलेला पट्टा शोधा. रुंदीचे २० ते २५ भाग करा. एका भागातून एकूण प्रवाहाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी जात असेल तर तो भाग आणखी विभागा. वेग मोजायच्या मीटरने प्रत्येक भागातला वेग पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ इतक्या अंतरावर, निदान ४० सेकंद मोजा. पाणी पाऊण मीटरपेक्षा खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर मोजून सरासरी काढा. मीटरच्या बाजूला, थोडं प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभे राहा, नाहीतर तुमच्याच पायांनी वळलेलं पाणी मोजलं जाईल.

तापमानाचे लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी छोटी उपकरणं) पात्रात बसवण्याआधी कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात ठेवून तपासा. वाचन ० अंशाच्या आसपास स्थिर यायला हवं. परत काढल्यावरही हीच तपासणी करा. लॉगर भोकं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी नळीत घाला, कारण थेट ऊन लागलं तर पाण्याऐवजी तापलेल्या कवचाचंच तापमान नोंदलं जातं. जागा वाहत्या पाण्यात आणि उन्हाळ्यातल्या नीचांकी पातळीलाही बुडालेली राहील अशी असावी. आलेखात दिवस-रात्रीचा फरक अचानक दुपटीने वाढलेला दिसला तर लॉगर बहुधा उघडा पडला आहे.

एकाच दिवशी अनेक कामं असतील तर जलकीटकांचे नमुने सर्वांत आधी घ्या आणि खालून वर, म्हणजे उगमाच्या दिशेने, जात राहा. आधी पाण्यात तुडवलं की किडे वाहून गेलेले असतात.

रोपांच्या बाबतीत रोज थोडं पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर घाला, म्हणजे मुळं ओलीच्या मागे खोल जातात. आच्छादन ७-१० सेंटिमीटर जाड चालेल, पण खोडाला चिकटू देऊ नका, साल कुजते. मोजणीत पानं गळलेलं रोप लगेच ‘मेलेलं’ लिहू नका. नखाने साल किंचित खरवडा; खाली हिरवं दिसलं तर त्या फांदीत अजून जीव आहे.

पाण्यात कधी उतरायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवा. मीटरमधली खोली आणि मीटर प्रतिसेकंदातला वेग यांचा गुणाकार ०.९ च्या जवळ आला तर उतरू नका; नवख्या माणसाने त्याच्याही बऱ्याच आधी थांबावं. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पोशाखाचा) कमरपट्टा घट्ट, पाठपिशवीचा मात्र सोडलेला असावा. पाणी गढूळ होऊन काड्या-पानं वाहत येऊ लागली तर वर कुठेतरी पाऊस झाला आहे, उपकरण सोडावं लागलं तरी काठावर या. एका नदीतून दुसरीकडे जाताना बूट आणि जाळी बघून, घासून, पूर्ण वाळवा. परक्या प्रजाती ओल्या शिवणीतूनही प्रवास करतात. नमद्याच्या तळव्यांचे बूट लवकर वाळत नाहीत, ते टाळलेले बरे.

नोंदी पेन्सिलीने, पाण्यात न भिजणाऱ्या कागदावर करा. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. न मोजलेल्या जागी आडवी रेघ मारून कारण लिहा. रिकामा चौकोन ठेवू नका, त्याचा अर्थ नंतर कोणालाच लावता येत नाही. प्रत्येक पानाचा फोटो त्याच संध्याकाळी काढून दुसरीकडे साठवा. जागेचे फोटो काढताना मागच्या वर्षीचा फोटो छापून सोबत न्या आणि न हलणारा खडक किंवा मोठं झाड चौकटीत त्याच जागी येईपर्यंत सरका.

शेवटच्या आठवड्यात खुंट्या आणि लॉगर यांच्या जागा जीपीएस आकड्यांसोबत शब्दांतही लिहा, कारण दाट झाडीखाली जीपीएस काही मीटर सहज चुकतं: कोणत्या काठावर, कोणत्या झाडापासून किती मीटर, कोणत्या दिशेला. मग ती टिपणं जागा न पाहिलेल्या सहकाऱ्याच्या हातात द्या आणि त्यांना एकट्यानं खुंटी शोधू द्या. ते जिथे अडखळतील ते वाक्य तिथेच दुरुस्त करा.