पेटी शिकायचीय? मग आधी आपली पट्टी शोधा

चाळिशीनंतर एखादं वाद्य हातात घ्यायचं असेल तर माझं मत पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, कारण तबला ठोकून सुरात लावावा लागतो, सतारीच्या तारा चढवाव्या लागतात, पेटीचं झाकण उघडलं की सूर तयारच. ऑफिसातून दमून आल्यावर हाताशी अर्धाच तास असतो, त्यातली वीस मिनिटं वाद्य लावण्यात गेली तर छंद महिनाभरात गुंडाळला जातो हे मी गिटारवर करून बघितलंय.

पहिली पेटी मी फोटो बघून ऑनलाइन मागवली आणि फसलो, दोन पट्ट्या दाबल्यावर वरच येईनात. त्यामुळे दुकानात जाऊनच घ्या आणि शक्यतो वाजवणाऱ्या कुणाला तरी सोबत न्या. डबल रीड घ्या (रीड म्हणजे आत हवेने कंप पावणारी धातूची पातळ पट्टी), म्हणजे खर्ज (खालच्या सप्तकातला) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकातला) असे दोन सूर एकदम वाजतात, 39 किंवा 42 पट्ट्यांची पुरते. दुकानात दोनच गोष्टी करायच्या. स्टॉपर (समोरची ओढायची बटणं) उघडे ठेवायचे, एकही पट्टी न दाबता भाता भरायचा आणि कान लावायचा, फुस्स आवाज येत असेल, भाता लगेच खाली बसत असेल किंवा एखादा सूर आपोआपच गुणगुणत असेल तर ती पेटी नको. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी सावकाश दाबायची, दोन रीड एकमेकांशी भांडत असले की आवाज थरथरतो, ते नवशिक्यालाही कळतं. स्केल चेंजरच्या (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) नादाला पहिल्याच पेटीत लागू नका, वजनही वाढतं आणि आळसही.

आता मुद्द्याचं. नेटवरचे बरेच व्हिडिओ पांढरी एक पासून शिकवतात (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक, काळी एक त्या जोडीतली पहिली; पुढे उजवीकडे पांढऱ्या आणि काळ्या वेगवेगळ्या मोजायच्या) कारण सगळे शुद्ध सूर पांढऱ्यावर येतात, बघायला सोप्पं. पण तुमचा गळा त्या पट्टीत आहे का हे कुणी विचारतच नाही, आणि पेटी शिकायची ती गात गातच, नाहीतर बोटं टाईपिंग करतात आणि कान झोपलेला राहतो. (मराठीत पट्टी म्हणजे दाबायची पट्टीही आणि गायची पट्टीही, पहिले काही दिवस हा घोळ होणारच.) आपली पट्टी शोधायची तर एखादा सूर सा धरा आणि "आ" लावा, तिथून खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) न ओरडता जाता येतंय का बघा. वर गळा ताणला तर सा खाली घ्या, खाली आवाज गायब झाला तर वर घ्या. बऱ्याच पुरुषांचं काळी एक किंवा काळी दोन वर जमतं, बायकांचं काळी चार किंवा पाचच्या आसपास, पण हा काही कायदा नाही, माझ्या बायकोची पट्टी पांढरी पाच निघाली.

समजा तुमची काळी एक आली. मग सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नि पुढची पांढरी एक आणि वरचा सा पुन्हा काळी एक. बोटं अशी: सा तर्जनी, रे मधलं बोट, ग अंगठा, म तर्जनी, प मधलं, ध अनामिका, नि अंगठा, वरचा सा तर्जनी. बघा, अंगठा फक्त दोन पांढऱ्या पट्ट्यांवर येतो आणि तो बाकी बोटांच्या खालून सरकत जातो, हात उचलून उडी मारायची नाही. उतरताना हेच उलटं. पहिले पंधरा दिवस एवढंच करा, कंटाळा येईल, येऊ द्या. मग सारेग, रेगम, गमप असे पलटे, प्रत्येक सूर तोंडाने म्हणत. मी पहिल्या महिन्यात बोटांचा क्रम मनाला येईल तसा ठेवला आणि पुढे तो मोडायला चार महिने गेले.

डाव्या हाताने भाता मारताना लोहाराच्या दुकानासारखं धपाधप मारायचं नाही, आत हवा साठवणारा आणखी एक भाता असतो, तो भरलेला राहील एवढंच हलकं आणि संथ चालू ठेवायचं. सूर मध्येच बारीक होतोय, मध्येच भोंग्यासारखा फुगतोय असं झालं तर चूक उजव्या हाताची नसते.

कंटाळा आला की एक गंमत करा. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढरीला हातच लावायचा नाही. काळी तीनला सा मानून वर गेलात तर भूप रागाचे सूर मिळतात. त्याच पाच पट्ट्या, पण काळी एकला सा मानलं तर दुर्गा, काळी दोनला मानलं तर धानी, काळी चार वरून मेघ आणि काळी पाच वरून चक्क मालकंस. पट्ट्या त्याच, फक्त सा हलला आणि घरच वेगळं झालं. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप त्या त्या सा ला लावून हे करा, तानपुरा नसेल तर कानाला फरक कळत नाही. नुसत्या सुरांनी राग होत नाही म्हणा, भूप आणि देसकार यांचे सूर सारखेच आहेत तरी राग दोन आहेत, पण पेटीशी दोस्ती व्हायला एवढं पुष्कळ.

ऐकायचं मात्र भरपूर. साथीसाठी अप्पा जळगावकर, भीमसेनजींच्या मागे ते किती कमी वाजवतात ते ऐका. एकल वादनासाठी तुळशीदास बोरकर. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, दोन सुरांच्या मधली जागा तिच्याकडे नाहीच, याच कारणांवरून 1940 साली आकाशवाणीने तिला बाहेर काढलं आणि 1971 पर्यंत बाहेर ठेवलं. बोरकरांचं ऐकताना मला ती जागा असल्याचा भास होतो.

सहा-आठ महिन्यांनी सोसायटीच्या गणपतीत आरतीला बसा, परीक्षेपेक्षा ते बरं. तिथे तुमच्या काळी एकला कुणी विचारणार नाही, पहिला मोठ्या आवाजाचा काका जिथे सुरू करेल ती पट्टी, आणि तिसऱ्या आरतीपर्यंत अख्खा जमाव अर्धा सूर वर चढलेला असतो. म्हणून जूनपासूनच तीच चाल काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन अशा तिन्हीवर बसवून ठेवा. सापडली नाही पट्टी तर सरळ हात थांबवा, टाळ चालूच असतात, कुणाला कळत नाही, पुढच्या कडव्याला धृपदावर पकडायचं.

पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, त्यामुळे पेटी जमिनीवर आणि भिंतीला चिकटून ठेवू नका, आत सिलिकाच्या पुड्या टाका, आणि वाजवा, बंद पेटी जास्त बिघडते. भाता नेहमी मिटून खटका लावून ठेवायचा, उंदरांना आतलं चामडं आवडतं. सूर उतरला म्हणून रीड स्वतः खरवडायला जाऊ नका, टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे मला माहीत होतं तरी माझ्या पेटीचा मंद्र धैवत आता कुठल्याच पट्टीतला राहिलेला नाही.