खंडेनवमी झाली की गीझर उघडायचा

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरी नळाला नर्मदा एक दिवसाआड येते. उन्हाळ्यात ती पुरत नाही, मग बोरिंगची मोटर लावतो आणि दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतं. जलूदहून जवळपास ७० किलोमीटर चालत इंदूरला येणाऱ्या नर्मदेची काही तक्रार नाही. बोरिंगचं पाणी मात्र पातेल्यात उकळलं की तळाला पांढरा थर धरतं. गीझरच्या पोटातही तेच चाललेलं असतं, फक्त तिथे कुणी डोकावत नाही.

आमचा गीझर १५ लिटरचा, २००० वॅटचा. शॉवर आणि बादलीचा नळ दोन्ही त्याच्यावरच. दोन वर्षांपूर्वी तो तापताना कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज करायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला मुतखडा झालाय." मी हसले, पण निदान अचूक होतं. क्षाराचा थर चढला की पाणी तापवणाऱ्या एलिमेंटची उष्णता पाण्यात नीट जात नाही, एलिमेंट स्वतःच भलतं तापतं आणि एक दिवस जळतं. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटजवळ थर साचला तर थर्मोस्टॅट वेळेआधीच बंद होतो. दिवा लवकर विझतो आणि पाणी कोमटच राहतं. धड असेल तर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला आमच्या गीझरला साधारण २१ मिनिटं लागतात. घड्याळ लावून एकदा बघून ठेवा.

बिघडल्यावर लगेच नवीन एलिमेंट आणू नका. आधी फक्त शॉवरची धार बारीक झालीय का ते बघा. गरम नळाखाली बादली झटकन भरत असेल तर गीझर निर्दोष आहे. शॉवरचं तोंड काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने भोकं घासा. न निघणारा शॉवर असेल तर व्हिनेगर भरलेली पिशवी त्याला रबरबँडने बांधायची. शेजारच्या काकूंनी याच दुखण्यासाठी अख्खा गीझर बदलला होता!

दिवाच लागत नसेल तर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा प्लग बघा. पिन काळी पडली असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. ते ठीक असेल तर खालच्या झाकणाआड थर्मोस्टॅटजवळ एक छोटं बटण असतं, जास्त तापलं की ते उडतं. वीज तोडून, गार झाल्यावर दाबलं की 'टक्' होतं. पुन्हा उडलं तर परत परत दाबत बसू नका, मेकॅनिकला बोलवा. तापण्याचा दिवा लागतो पण पाणी गारच, तर बहुतेक एलिमेंट तुटलंय: वायरी सोडवून त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला की २००० वॅटला २६ ओहमच्या आसपास यायला हवं. आणि गीझर लावताच ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर करंट पाण्यात किंवा पत्र्यात उतरतोय. तेव्हा आंघोळ नको, "ईएलसीबी काढून डायरेक्ट करून देतो" म्हणणारा माणूसही नको.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी येतं, ते येऊ द्या. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटरमागे पेलाभर तरी. दिवसभर धार लागली तर व्हॉल्व्ह बदला, पण त्याला बूच मारू नका. टाकी फुटायचा तो सरळ रस्ता आहे.

आता सफाई. खंडेनवमीला पाना, पक्कड, टेस्टर यांना हळदकुंकू वाहते आणि कोजागिरीच्या आत गीझर उघडते. नरकचतुर्दशीच्या पहाटे मेकॅनिक कुणाच्या बापाला मिळत नाही. (वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.) नुसता स्विच बंद करून भागत नाही; जुन्या वायरिंगमध्ये तो न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो. एमसीबी पाडा, प्लग काढा, रात्रभर गार होऊ द्या. सकाळी गीझरकडे येणारं पाणी बंद करा, गरम नळ उघडा आणि थंड पाण्याची नळी व्हॉल्व्हसकट सोडवा; पाणी तिथून बादलीत उतरतं. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, मगच त्या सोडवा.

पहिल्यांदा एलिमेंट बाहेर आलं तेव्हा ते ओळखू येईना. वर अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे, आणि शेजारची मॅग्नेशियमची कांडी कुरतडून काडी झालेली. ही कांडी टाकीऐवजी स्वतः गंजते, म्हणून अर्धी झिजली की नवी लावायची. एलिमेंटला स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, तेजाब तर मुळीच नको. लिटरभर कोमट पाण्यात तीन चमचे लिंबूसत घालून त्यात फक्त तापणारा भाग बुडवा, टोकं कोरडी ठेवा. फेस येतो, थर सुटतो. तळातला चुरा पाण्यानेच धुऊन काढा. काचेचं अस्तर असेल तर आत धातूचं काही फिरवू नका. जोडातून पाणी गळू न देणारं रबरी गॅस्केट मी दरवेळी नवं घेते, महाराणी रोडला मिळतं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे.

आणि मग माझी चूक करू नका. पहिल्या वर्षी सगळं बसवलं, खुशीत स्विच दाबला, टाकी रिकामी! नवंकोरं एलिमेंट गेलं. मेकॅनिक नुसतं बघून म्हणाला, "मॅडम, सूखा चला दिया." आता गरम नळातून हवेची फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत मी प्लगला हातच लावत नाही. मग गॅस्केटखाली कोरडा कागद धरून दहा मिनिटं थांबते. कागद कोरडा राहिला की झाकण लावायचं आणि त्यावर मार्करने तारीख टाकायची.